सहा गठ्ठ्यांचे भाऊसाहेब

भाऊसाहेबांच्या खिशात चार पेनं असतात. निळं सहीला, काळं टिपणीला, लाल दुसऱ्याच्या चुकीखाली रेघ ओढायला आणि चौथं हिरवं. सरकारात हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्यांची. भाऊसाहेब पडले लिपिक. म्हणून कचेरीच्या फाटकातून आत शिरताना हिरवं पेन खिशातून पिशवीत जातं आणि संध्याकाळी घराची कडी वाजवताना पिशवीतून खिशात परत येतं. घरी ते राजपत्रित आहेत. वाण्याच्या यादीवर, दुधाच्या कार्डावर, नातवाच्या प्रगतिपुस्तकावर हिरवी सही होते, सहीखाली तारीख पडते, मगच घरात साखर येते.

भाऊसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आपल्याकडे टेबलाच्या आतल्या बाजूला जो बसतो तो भाऊसाहेब आणि बाहेरच्या बाजूला जो उभा राहतो तो पाव्हणा, अशी जुनी वाटणी आहे. करमाळ्यातली कुठली कचेरी आणि कुठलं टेबल, हे मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण परांड्याचा, कर्जतचा, जामखेडचा, कुठलाही वाचक म्हणणार, "हे तर आमच्याकडचे!"

हा व्यवस्थितपणा त्यांच्यात आला कुठून, याचा माग काढत गेलं की वाट कमलाभवानीच्या देवळात पोचते. रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या देवळाची ख्याती म्हणजे ९६ चा आकडा. खांब ९६, ओवऱ्या ९६, विहिरीच्या पायऱ्या ९६, असं गावातलं शेंबडं पोरही सांगतं. बाकीचे लोक तिथं देवीसाठी जातात, भाऊसाहेब हिशेब जुळतो म्हणून जातात. "इतक्या वर्षांत एक खांब जादा नाही, एक कमी नाही. याला म्हणतात दप्तर!" हे त्यांचं देवीविषयीचं मत. नवरात्रात वहिनी रांगेत उभ्या राहतात, ओटी भरतात, प्रसाद घेतात, गर्दीतून आपल्या चपला हुडकून पायात घालतात. तोवर भाऊसाहेब साठाव्या खांबापाशी आलेले असतात. तेवढ्यात कुणीतरी "काय भाऊसाहेब, झालं का दर्शन?" म्हणून हाक मारतो, आकडा निसटतो आणि मोजणी पुन्हा पहिल्या खांबापासून सुरू होते. वहिनी पायरीवर बसून राहतात. नवऱ्याचे शहाण्णव एकदाचे भरू देत, एवढं मागणं त्यांनी देवीपुढं नक्की घातलं असणार.

कचेरीत त्यांचं दैवत निराळं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात अनिलकुमार लखीना नावाचे जिल्हाधिकारी होते. कागद शोधायला कारकून आणि कारकून शोधायला शिपाई, असा तो जमाना. लखीनांनी टेबलं, कपाटं, बसायच्या जागा, कागद ठेवायची रीत, सगळ्याची घडी नव्यानं बसवली. पुढं 'लखीना पॅटर्न' म्हणून ती राज्यभर गेली. करमाळ्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात तो जिल्हा सुरू होतो. भाऊसाहेब त्या दिशेला पाय करून झोपत नाहीत.

या शिस्तीतला त्यांचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे सहा गठ्ठे. एक, हातावरची प्रलंबित प्रकरणं. दोन, प्रतीक्षाधीन, म्हणजे ज्यांचं दुसऱ्या कुणाकडून काही यायचं आहे ती. तीन, ठरावीक मुदतीनं पाठवायची नियतकालिकं. चार, स्थायी आदेश. पाच, अभिलेख कक्षात पाठवायची. सहा, नष्ट करायची. शिवाय प्रत्येक कागदाला अ, ब, क, ड असा वर्ण आहे. 'अ' वर्गाचा कागद अमर, 'ड' वर्गाचा वर्षभराचा पाहुणा. झोपेतून उठवून विचारलं तरी भाऊसाहेब हे घडाघडा म्हणतात, फक्त झोपेतून उठवल्याची नोंद कुठल्या गठ्ठ्यात लावायची ते आधी विचारून घेतात.

मूळ पद्धत चोख आहे, त्यात शंका नाही. पण तिच्यात एक चोरवाट आहे आणि ती भाऊसाहेबांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी सापडली. पहिल्या गठ्ठ्यातला कागद दुसऱ्या गठ्ठ्यात जायला काम व्हावं लागत नाही, एक पत्र जावं लागतं. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आपला अभिप्राय सत्वर पाठवावा.' पत्र गेलं, जावक क्रमांक पडला, की कागद पहिल्यातून दुसऱ्यात. तिकडून उत्तर येईपर्यंत भाऊसाहेब मोकळे. उत्तर आलंच, तर सहपत्राचं एक पान कमी निघतं. मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्र क्रमांक दोन. क्रमांक तीनच्या वेळी भाऊसाहेबांच्या अक्षराला निराळंच वळण येतं.

२०१७ मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'ची मोहीम काढली. सोलापूर जिल्हा पुणे विभागातलाच, त्यामुळं करमाळ्यातही धावपळ उडाली. कपाटांवरची धूळ उडाली, धुळीबरोबर काही पालीही बदली होऊन गेल्या. लोक रात्री दिवे लावून दप्तर लावत बसले. भाऊसाहेब तेवढे साडेसहाला घरी. तपासणीच्या दिवशी त्यांचा पहिला गठ्ठा इतका पातळ, की पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवलेला. दुसरा गठ्ठा मात्र भिंतीला टेकून उभा होता. तपासणीच्या साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

"प्रतीक्षाधीन, साहेब. आपल्याकडून गेलंय, त्यांच्याकडून यायचंय."

साहेबांनी एक कागद ओढला. पृष्ठांकन बरोबर. दुसरा ओढला. टिपणीचा समास बरोबर. तिसऱ्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. शेऱ्यात 'दप्तर अत्यंत नीटनेटके' असं लिहून गेले. त्या शेऱ्याची प्रत भाऊसाहेबांनी 'अ' वर्गात लावली आहे.

उजनीच्या फुगवट्याकडचे, केत्तूर भागातले एक म्हातारे तात्या आहेत. उजनी धरण १९८० साली बांधून झालं, पाणी अडलं, त्या पाण्यावर ऊस आणि केळीही आली. त्या भागातले कागद मात्र अजून अडलेलेच आहेत. तात्यांची जमिनीच्या नोंदीतली एक लहानशी दुरुस्ती होती. ते एसटीनं यायचे, टेबलाशी उभे राहायचे आणि विचारायचे, "भाऊसाहेब, आमच्या कागदाचं काय झालं?"

हा प्रश्न ऐकला की भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर तेज येतं. आधी ते घड्याळ बघतात. मग नोंदवही, नोंदवहीवरून बोट, कपाट दोन, खण तीन, गठ्ठा दोन, आणि अर्ध्या मिनिटात कागद टेबलावर.

"बघा तात्या. हाय का न्हाय? तुमचाच ना?"

"माझाच हाय."

"एक कोपरा तरी दुमडलाय का?"

"न्हाय ओ."

"दुसऱ्या कुठल्या कचेरीत सापडला असता का असा?"

"कुठला सापडतुया!"

"मग!" असं म्हणून भाऊसाहेब कागद परत गठ्ठ्यात घालतात, दोरीची गाठ मारतात, गठ्ठा खणात, खण कपाटात, कपाटाला किल्ली. एका मोठ्या कामाचा निपटारा झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरतं. तात्याही भारावून दारापर्यंत जातात. एकदा मात्र ते दारातून माघारी आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सापडला ते बेस झालं. पर हरवला कवा हुता?"

भाऊसाहेबांनी हा प्रश्न लेखी मागितला.

लखीनांनी घडी बसवली ती पाव्हण्याचा हेलपाटा वाचावा म्हणून. भाऊसाहेबांनी तीच घडी जिवापाड सांभाळली, फक्त तिच्यातून पाव्हणा वगळला. कागदाला ऊन लागू नये, वाळवी लागू नये, पावसाची झड लागू नये, इथपासून ते कागदाला निकालही लागू नये, इथवर त्यांची माया वाढत गेली. टेबलाच्या कडेशी काटकोनात ठेवलेली पट्टी, तारीख बदललेला शिक्का, टोकं एका दिशेला केलेल्या टाचण्या, ही त्यांची सकाळची पूजा. ती अकराला आटोपते. त्यानंतर कामाला बसायचं तर लावलेलं टेबल विस्कटणार! ते धाडस त्यांच्या हातून होत नाही.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारनं कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आणि शनिवार मोकळा झाला. तो मोकळा शनिवार थेट वहिनींच्या अंगावर कोसळला.

पहिल्याच शनिवारी भाऊसाहेबांनी माजघरात सहा फळ्या ठोकल्या. पहिल्या फळीवर आजची कामं. दुसरीवर धाकट्याच्या लग्नासाठी आलेली स्थळं. तिसरीवर विजेचं बिल, गॅसचं पुस्तक आणि मेव्हण्याला दिलेल्या उसन्या पैशांची आठवण. चौथीवर आईनं हयातीत घालून दिलेले दंडक. सहाव्या फळीवर चुकून वहिनींच्या माहेरची लग्नपत्रिका गेली आणि लग्न लागायच्या आधीच नष्ट झाली. त्या महिन्यात घरात फक्त पिठलं-भाकरी होती.

मग मोरीतला नळ गळायला लागला. भाऊसाहेबांनी नस्ती उघडली. 'सदर नळ गत सप्ताहापासून गळत असून त्याद्वारे पाण्याचा अपव्यय होत आहे.' पानांना क्रमांक घातले, नळवाल्याला निरोप धाडला, नस्ती दुसऱ्या फळीवर गेली. वहिनींनी दोन दिवस नळाला चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका पोराला हाक मारली, त्यानं पाना आणला, वायसर बदलला, चहा प्यायला आणि गेला. भाऊसाहेबांना हे रात्री जेवताना कळलं.

"अगं, नळ दुरुस्त झाला ते ठीक. पण मी नस्ती बंद कशाच्या आधारे करू? बिल कुठंय?"

"अहो, चहावर केलं त्यानं. बिल कसलं?"

"कामाचा पुरावा नको?"

"नळ गळत नाही, हाच पुरावा."

भाऊसाहेब ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन आले. नस्ती अजून दुसऱ्या फळीवर आहे.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. वहिनी विरोध करत नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या राहू दिल्या आणि डबे पूर्वीसारखेच वापरले. तूरडाळीत गूळ, जिऱ्यात सुटे पैसे, साखरेत रवा. एके दिवशी वहिनी केमला हळदीकुंकवाला गेल्या असताना पाहुणे आले. भाऊसाहेबांनी चिठ्ठ्या वाचत वाचत स्वतः चहा केला. पाहुण्यांनी पहिला घोट घेऊन कपाकडे पाहिलं. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "नोंदीप्रमाणे साखरच आहे."

२०२५ च्या सुरुवातीला सरकारनं शंभर दिवसांचा कार्यक्रम काढला. त्यात कचेऱ्यांची स्वच्छताही होती. आयुष्यभर एकट्यानं केलेली उपासना राज्याचं धोरण झालेली पाहून भाऊसाहेब त्याच वर्षी निवृत्त झाले.

त्यांच्या जागी आला तो तरणाबांड पोरगा. सदरा बाहेर, खिशात एकही पेन नाही; सही करायची तर समोरच्या पाव्हण्याचंच पेन मागून घेणार. आठवड्याभरात टेबलाला आठवडे बाजाराची कळा आली. टिपणीवर मिसळीचा कट, गठ्ठ्यांच्या दोऱ्यांनी बांधलेला फाटका मोबाइल-चार्जर. पण त्यानं दुसरा गठ्ठा सोडला. पत्रं धाडलीच नाहीत, तिकडच्या भाऊसाहेबांना सरळ फोन लावले. "काका, तेवढं पान मोबाइलवर टाका की!" पानं येत गेली, निकाल लागत गेले. तात्यांची दुरुस्तीही झाली. दिवाळीपर्यंत भिंतीला टेकलेला गठ्ठा जमिनीला आला आणि पोराला शाल-नारळ मिळाला. हे त्याला जमलं, कारण प्रत्येक कागद जागच्या जागी होता, एक पान कमी नव्हतं, कुठलं पत्र कधी गेलं हे तारखेनिशी लिहिलेलं होतं. भाऊसाहेबांनी अख्खी नोकरी घालून स्वयंपाकाची तयारी करून ठेवली होती, पोरानं फक्त चूल पेटवली.

सत्काराला भाऊसाहेबांनाही बोलावलं होतं. त्यांनी शालीची घडी नीट करून दिली आणि हळूच विचारलं, "निकाली काढलेले कागद कुठं लावलेत?"

पोरानं टेबलाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या डिकीची आठवण काढली. "असतील इथंच कुठंतरी, काका."

पुढच्याच महिन्यात तात्या आपल्या आदेशाची नक्कल मागायला आले. या खेपेला कागद खरोखरच हरवला होता. शिपाई गाडी घेऊन भाऊसाहेबांच्या घरी आला. भाऊसाहेबांनी चारही पेनं खिशाला लावली, कचेरीत आले, दुपारपर्यंत ढिगात बसले आणि आदेश हुडकून काढला. तात्यांनी या वेळी काही विचारलं नाही, दोघांचेही हात जोडून आभार मानले.

त्या दिवसापासून करमाळ्यात म्हणतात की त्या टेबलामागे दोन खुर्च्या हव्यात, एकीवर भाऊसाहेब आणि दुसरीवर तो पोरगा. तसा प्रस्ताव तयार करायला भाऊसाहेबांची तयारी आहे, पृष्ठांकनासह. अडचण इतकीच, की त्या टेबलाला मंजूर पद एकच आहे.