रंगभूमीवर जनावर कसे व्हावे?

आवाज घोगरा, पाठांतर कच्चे, चेहरा बेताचा आणि तरी नाटकात काम करायचेच असेल, तर व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये तुमची सोय आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, थिएटरांत पँटोमाइम, म्हणजे लोककथांवरची धमाल नाटके, सुरू होतात. त्या कथांतल्या डिक व्हिटिंग्टनला मांजर लागते, जॅकला बाजारात विकायला गाय लागते. खरी गाय रंगमंचावर नको तेव्हा नको ते करते. म्हणून माणसे घेतात. इच्छुकांनी पुढील सूचना पाळाव्यात.

१. सुरुवात मागच्या पायांपासून करावी. गाईत दोघे असतात. पुढच्याला उजेड, हवा आणि टाळ्या. मागच्याला वाकलेली कंबर आणि काळोख. पुढच्याने दुपारी काय खाल्ले, याची चौकशी प्रयोगाआधीच करावी.

२. दोरी, साखळी स्वतः तपासावी. थोर विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी लहानपणी माकड झाला होता. बाप त्याला कमरेच्या साखळीने गरगर फिरवी. एका रात्री साखळी तुटली आणि माकड प्रेक्षकांतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंगावर पडले, असे त्याच्या आठवणींत आहे. १८३८ साली त्या आठवणींवर संपादकीय हात फिरवला तो चार्ल्स डिकन्सने. तात्पर्य, बापावरही विसंबू नये.

३. निरीक्षण करावे, पण बेताने. रीजंट्स पार्कमधले प्राणिसंग्रहालय १८४७ पासून सर्वांना खुले आहे. तिथले माकड बराच वेळ नुसते बसून असते. तेवढे मात्र शिकू नये, त्याचे पैसे कोणी देत नाही. लोकांना हुबेहूब माकड नको असते. माकड होताना घामाघूम झालेला माणूस हवा असतो. डार्विनसाहेबांनी १८७१ साली माणसाची वंशावळ मांडली. तुम्हाला तीच वाट रोज संध्याकाळी उलटी चालायची आहे.

४. हाडे मजबूत असावीत. ‘स्टार ट्रॅप’ म्हणजे रंगमंचाला पाडलेले भोक, वर त्रिकोणी फळ्यांच्या पाकळ्या. वजने खाली सोडली की नट बाणासारखा वर उडतो. पाकळ्या उघडल्या नाहीत तर डोके उघडते. ग्रीशियन थिएटरचे जॉर्ज काँक्वेस्ट या उड्यांत पटाईत; माकडापासून ऑक्टोपसपर्यंत सगळे झाले. १८८० मध्ये न्यूयॉर्कला तेही पडले आणि त्यांचा पाय मोडला.

५. दिव्यांपासून दूर राहावे. रंगमंचाच्या कडेला गॅसच्या ज्योती आणि तुमच्या अंगावर केसाळ कातडे. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये, हे इथे माकडानेच लक्षात ठेवायचे आहे.

६. बढतीची आशा सोडू नये. चिकाटी असेल तर चार्ल्स लॉरींसारखे ड्रुरी लेन थिएटरचे मांजर होता येते. ते पूडल कुत्राही झकास करत. मग तुमचे कातडे तुमच्या एकट्याचे.

७. मानमरातबाची अपेक्षा मात्र ठेवू नये. ड्रुरी लेनचे चालक ऑगस्टस हॅरिस १८९१ मध्ये ‘सर’ झाले. हॅम्लेट करणारे हेन्री आयर्व्हिंग १८९५ मध्ये ‘सर’ झाले. हा मान मिळालेले ते पहिले नट. गाईच्या मागच्या पायांना राणीसाहेबांनी काही दिले नाही. तरीही अर्ज जरूर करावा. हॅम्लेटची जागा एकच असते, गाईत दोन असतात.