सतरा अंकी संख्या कशी हाताळावी? (नवशिक्यांसाठी)

साहित्य : चौकटींची वही, टोक काढलेली पेन्सिल, खोडरबर आणि १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या. संख्या फुकट आहे. वही विकत आणावी लागेल.

१. आधी वाचा. उजवीकडून एकं, दहं, शतं करत चला. अब्जानंतर धाप लागली तर भास्कराचार्यांची मदत घ्या. ‘लीलावती’त त्यांनी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपला सर्वांत डावीकडचा एक सतराव्या स्थानी बसतो. पुढे फक्त परार्ध उरतो.

२. एक्सेलवर विसंबू नका. ते पहिले पंधरा अंक ठेवते आणि शेवटच्या एकवीसच्या जागी गुपचूप दोन शून्ये बसवते. विचारले तर चूकही कबूल करत नाही.

३. मूळ शोधा. ओळीने नऊ एक लिहा, म्हणजे १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणा. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातील. आता उभ्या रांगांतले एक मोजा : एक, दोन, तीन… मधल्या रांगेत नऊ, मग उतरती भाजणी. एकाही रांगेची बेरीज नऊच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा लागतच नाही. सगळी शोभा एवढ्यावरच उभी आहे. पाहुण्यांना हे शेवटी सांगावे.

४. अवयव पाडा. चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७ मिळतील. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. ती आणखी फोडायला बसू नका, रविवार जाईल. एकूण विभाजक ४५.

५. अंकांची बेरीज करा : ८१. या ८१ ने संख्येला निःशेष भाग जातो. भागण्याऐवजी गुणलेत तर ९९९९९९९९९ चा वर्ग हाती येतो. दोन्ही करून पाहा, पेन्सिलीला पुन्हा टोक काढा.

६. घराणे विचारा. ही ‘डेमलो’ संख्या. नाव ठेवले देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी, डोंबिवली स्टेशनावरून. या संख्यांची कल्पना त्यांना तिथेच सुचली. गाडीची वाट पाहताना तुम्हाला काहीच सुचत नसेल तर रेल्वेला दोष देऊ नका.

७. हाव धरू नका. नऊ एकांवर भागले नाही म्हणून दहावा जोडाल, तर मधल्या रांगेत दहा भरतील आणि हातचा घरात शिरेल. उत्तर येईल १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू शाबूत, पण डावीकडचा आठ नाहीसा!

८. स्वाध्याय : अकरा एकांचा वर्ग काढा. उत्तर एकवीस अंकी आले नाही तर हातचे तपासा. आले, तरीही तपासा.