बिनतारी फोन खरेदी : एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

नवा मोबाईल घेताना ‘आपल्याला काय लागतं?’ असा विचार करणे हा पहिला दोष. फोन घेताना गरज नव्हे, यादी पाहायची असते. यादीत बिनतारी सोयी जितक्या जास्त, तितका फोन उच्च कुळातला. होतकरू ग्राहकांसाठी पुढील नियम.

१. वाय-फायचा आकडा विचारावा. दुकानात शिरताच, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने, “वाय-फाय कितवं?” असे म्हणावे. “सेव्हन आहे काका, लेटेस्ट,” असे उत्तर आले की मान डोलवावी. जानेवारी २०२४पासून प्रमाणपत्रे मिळू लागलेल्या या वाय-फायचा कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला ४६ गिगाबिट आहे. घरी चपलांच्या कपाटावर टांगलेला राउटर दोन पिढ्या जुना आणि प्लॅन १०० मेगाबिटचा असेल, तर फोन निमूट त्या पातळीवर उतरतो. हा त्याचा विनय समजावा. राउटर मात्र बदलू नये. तो खिशात घालून लग्नाला नेता येत नाही.

२. ५जीचे बँड मोजावेत, वाचू नयेत. भारतात १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली ५जी सेवा प्रामुख्याने एन७८ आणि एन२८ या बँडवर चालते. पहिल्यात वेग, तर दुसऱ्याच्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतात. हे माहीत असलेला माणूस ‘हे दोन आहेत ना?’ एवढेच विचारून मोकळा होतो आणि बारा बँडांचा आनंद गमावतो.

३. ब्लूटूथ दशांश चिन्हासह उच्चारावे. ५.४वाल्याने ५.०वाल्याकडे करुणेने पाहावे. दोघांच्या कानांत तेच जुने इयरबड असतील, तर दोघांना गाणे सारखेच ऐकू येईल. फोनला येणारी नवी विद्या इयरबडला येत नसेल, तर ती वापरायची कोणाबरोबर? २०१६मध्ये ॲपलने आयफोन ७मधून हेडफोनची खाच काढून टाकली आणि पुढे इतरांनीही कित्ता गिरवला. त्यामुळे वायरीचा गुंता गेला. आता रोज चार्ज करायचे ते एवढेच : फोन, डावा कान, उजवा कान आणि दोन्ही कानांची डबी.

४. एनएफसी हवेच. फोन यंत्रापासून चारेक सेंटिमीटरवर नेला की पैसे जातात, असा हा चमत्कार. भाजीवालीकडे यंत्र नसते, पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड असतो आणि त्याला साधा कॅमेरा पुरतो. तरीही आधी फोन गाडीवर टेकवून पाहावा. मागची रांग आपल्याकडे आदराने बघते.

५. वायरलेस चार्जिंगशिवाय घरी परतू नये. यात फोनला वायर लावावी लागत नाही. वायर चकतीला लावतात, चकतीची वायर ॲडॉप्टरला आणि ॲडॉप्टर भिंतीला. चकतीतल्या वेटोळ्यातून फोनमधल्या वेटोळ्यात वीज उतरताना काही वाया जाते. तिची ऊब हिवाळ्यात सुखावह असते. २०२३मध्ये आलेल्या ‘ची-२’ मानकाची सुरुवात १५ वॅटने झाली, तर वायरीने ८० वॅट घेणारे फोन आपल्याकडे सर्रास मिळतात. पण घाई हे काही सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे. फोन चकतीवरून जरा सरकला तर सकाळी बॅटरी रिकामी मिळेल. झोपेत त्याला धक्का लावू नये.

६. उपग्रह विसरू नये. आयफोन १४मधून उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवण्याची सोय नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली. आपले संकट ताम्हिणी घाटात येणार असेल, तर ते कॅनडात हलवण्याची तजवीज आधीच करावी.

७. एफएम रेडिओ कटाक्षाने टाळावा. ही सोयही बिनतारीच, पण इंटरनेट नसताना, टॉवर बंद पडल्यावरही चालते, म्हणजे अगदीच गावंढळ. आपत्तीत उपयोगी पडतो म्हणून २०२३मध्ये केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने फोनमधला एफएम बंद ठेवू नका, असे कंपन्यांना सांगितले. शिवाय बहुतेक फोनमध्ये अँटेना म्हणून त्याला वायरचा इयरफोन लागतो. चारचौघांत कानातून वायर लोंबली, तर वरच्या सहा नियमांवर पाणी पडेल.

अपवाद : काही हट्टी ग्राहक तरीही उपयोगाचेच विचारतात. त्यांनी घरात जिथे बोलताना आवाज तुटतो तो कोपरा आठवावा आणि दुकानदाराला एवढेच विचारावे : या फोनवर माझ्या सिमचे वाय-फाय कॉलिंग चालते का? माझ्या कंपनीचे बँड यात आहेत का? एफएम आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ आली, तर स्वस्तातला फोनही चालतो. मात्र त्याबद्दल लग्नात कोणी विचारणार नाही, ही जोखीम ज्याची त्याने घ्यावी.