मागच्या बाकावरचे काका

संभाजीनगरात रायफल शिकायला जाणाऱ्या पोराला दोन गुरू मिळतात. एक फी घेतो. दुसरा मागच्या बाकावर बसलेला असतो, त्याला काका म्हणतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, नातवाला सोडायला आलेले आणि आज नळाचा दिवस नसल्यामुळे घरी जायची घाई नसलेले.

१ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि त्याच संध्याकाळी काका नेमबाजीतले झाले. "रेल्वेत टीसी आहे तो. विनातिकीटवाला डब्याच्या त्या टोकाला हुडकायचा म्हणजे नजर तयार होणारच!" २०१०ला म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच, असं कुणी म्हटलं की "तांबडा रस्सा, दुसरं काय" म्हणून तेही प्रकरण निकाली काढतात. नान खलिया खाणाऱ्या आपल्या गावानं मग मागं का राहावं, हा प्रश्न मात्र त्यांना खरोखर छळतो.

नव्या मुलीला पहिली दीक्षा पोपटाच्या डोळ्याची. "बेटा, फक्त डोळा बघायचा. अर्जुनासारखा." रायफलवाल्यांचं शास्त्र नेमकं उलटं. नजर ठेवायची नळीच्या टोकावरच्या कड्यावर. पलीकडचा काळा गोल जरा धूसर दिसला तरी चालतो, तो कड्याच्या मधोमध बसला म्हणजे झालं. कोच मॅडम हे शांतपणे सांगतात. काका त्याहून शांतपणे म्हणतात, "मॅडमचं महाभारत कच्चं आहे."

काकांची सगळी पुंजी कॉलेजातल्या एनसीसीची. "दुरुस्त शिस्त, मजबूत पकड, सही ट्रिगर ऑपरेशन!" हे उस्तादांच्या आवाजात म्हणताना अजून त्यांची छाती फुगते. पण ते फायरिंग जमिनीवर लेटून, पॉइंट टू टूचं. इथं १० मीटरवर उभं राहून एअर रायफल. ती साडेपाच किलोपर्यंत असू शकते, आणि ती दंडाच्या जोरावर पेलायला गेलं की नळी थरथरलीच. म्हणून डावं कोपर कमरेच्या हाडाशी टेकवायचं, भार हाडांवर सोडायचा, मूठ आवळायची नाही. मग डोळे मिटायचे, एकदोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नेम बाजूला सरकलेला दिसला तर हातानं ओढून आणायचा नाही, पाय सरकवायचे. त्या ताठ कॅनव्हासच्या जाकिटात पोरगी डोळे मिटून उभी राहते न राहते तोच मागून आवाज येतो, "झोपली का काय ही?"

सुरुवातीला छर्राही नाही, नुसता रिकामा ट्रिगर. मॅडम नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवतात आणि ते न पाडता ट्रिगर दाबायला सांगतात. टारगेटावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. बोटाला झटका दिला की गेला. काकांचा हिशेब वेगळा : "फी घेतात, छर्रा देत नाहीत, वर नाणंही आपलंच!"

पण काकांना सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे बंदूक खाली घेणं. अर्धा श्वास सोडून नेम धरला, सात-आठ सेकंदांत ट्रिगर सुटला नाही, तर तो नेम टाकून द्यायचा, रायफल खाली, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते या खेळातली निम्मी विद्या एवढीच आहे. आणि काकांनी आजवर तोंडाशी आलेलं एकही वाक्य परत घेतलेलं नाही. "धरलाय ना नेम? मग उडव की!" पोरगी उडवते. सहा पॉइंट काही. काका मान हलवतात, "श्वास चुकला."

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत काका सगळ्या पोरांना फुग्यांच्या स्टॉलवर घेऊन गेले. विद्या दाखवायची होती. एकही फुगा फुटला नाही. काकांनी बंदूक उलटीसुलटी केली, नळीच्या टोकावरच्या माशीवर बोट ठेवलं आणि फुगेवाल्याला सुनावलं, "तुझी माशी वाकडीये. सरळ कर."

"साब," तो फुगा बांधता बांधता म्हणाला, "माशी सीधी करूं तो फुगे किसके बाप के पैसे से लाऊं?"

काकांनी तिथंच स्टूल ओढलं आणि फुगे घाऊक कुठून घ्यावेत ते त्याला समजावून सांगायला लागले.