मार खाल्लेले तात्या

सोसायटीत पाण्याचा टँकर उशिरा आला, पोरांनी लिफ्टमध्ये नावं कोरली किंवा भारताचा फलंदाज आडवा फटका मारून बाद झाला, की तात्या मान हलवतात आणि म्हणतात, "लहानपणी मार बसला नाही ना!" टँकरवाल्याच्या लहानपणाची माहिती त्यांना कुठून मिळाली, हे विचारायचं नाही. तुमच्या सोसायटीत हेच गृहस्थ आप्पा किंवा भाऊ या नावाने राहत असतील. बँकेतून नाहीतर एस.टी.तून निवृत्त, सकाळच्या फेरीला न चुकता हजर, आणि बोलताना उजवा तळहात पुढे करायची सवय.

तो तळहात महत्त्वाचा. "हे बघ, इथे," असं म्हणून ते तो आपल्या नाकापुढे धरतात. साठेक वर्षांनंतर तिथे काय दिसणार? पण बघावं लागतं, आणि "अरे बापरे" म्हणावं लागतं. त्यानंतर गुरुजींची ओळख सुरू होते, ती नावानिशी नसते, हत्यारानिशी असते. भूगोलाचे गुरुजी निरगुडीचा फोक वापरायचे. फोक ओला हवा, वाळका मोडतो. इंग्रजीचे सर पट्टी मारायचे ती उभ्या कडेने, बोटांच्या पेरांवर, तीही थंडीत सकाळच्या शाळेला. चित्रकलेच्या सरांचा दंडाचा चिमटा. गणिताच्या गुरुजींचं डस्टर हातात कमी आणि हवेत जास्त. जुने रसिक गवयांच्या घराण्यांबद्दल बोलतात त्या चवीने हे सगळं चालतं. ज्याला मार खायचा त्यालाच फोक तोडून आणायला पाठवत. "लवचीक आणला तर वळ उठतो, जाड आणला तर हाड ठणकतं. निर्णय घ्यायची अक्कल मला तिथे आली," असं तात्या सांगतात. अंगठे धरून उभं राहिल्याने आपली कंबर मजबूत झाली असंही सांगतात, ते कंबरेला पट्टा बांधून.

सगळ्यांत गाजलेला मार एकोणतीसच्या पाढ्याचा. एकोणतीस सत्ते अडलं आणि तात्यांच्या हातावर सहा छड्या बसल्या. ही हकीकत पाचव्यांदा ऐकताना मला राहवलं नाही. विचारलं, "तात्या, मग किती? एकोणतीस सत्ते?"

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशातून मोबाइल काढला, तो लांब धरून दोन-तीन बटणं दाबली. "दोनशे तीन," ते विजयाने म्हणाले. "बघ! त्या दिवसाची एक गोष्ट विसरलेलो नाही."

ते खरंच होतं. वार आठवत होता, गुरुजींच्या धोतराचा काठ आठवत होता, शेजारी कोण फिदीफिदी हसला ते आठवत होतं. फक्त पाढ्यासाठी मोबाइल लागला.

साहित्यातले दाखले तात्यांकडे तयार असतात. "श्यामच्या आईनेसुद्धा शिंपटी हातात घेतली होती," असं ते बजावतात. घेतली होती. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला तिने शिंपटीने फोडून काढलं होतं. पण पोहून आलेल्या त्याच श्यामसाठी तिने दही ठेवलं होतं, हे साने गुरुजींनी त्याच प्रकरणात लिहिलंय. तात्यांच्या आवृत्तीत दह्याचं पान गळालेलं दिसतं.

त्याहून गंमत 1 ऑगस्टला. टिळक पुण्यतिथीच्या कार्यक्रमात टरफलांची गोष्ट सांगायचा मान दरवर्षी तात्यांचा. बाळ कसा उभा राहिला, न केलेल्या चुकीची शिक्षा भोगायला त्याने मास्तरांना तोंडावर कसा नकार दिला, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो, पहिल्या रांगेतल्या आजीबाई डोळे पुसतात. मग तात्या खुर्चीत बसतात आणि शेजाऱ्याला म्हणतात, "हल्लीची पोरं मास्तरांना उलट बोलतात हो!"

कायदा त्यांना माहीत आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेवढा : मास्तरने बोट लावलं की थेट तुरुंग. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 इतकं तावातावाने बोलत नाही. मुलाला शारीरिक शिक्षा द्यायची नाही, त्याचा मानसिक छळ करायचा नाही. केलाच तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. इजा केली तर फौजदारी कायदा आहेच, पण तो टँकरवाल्याने कुणाला मारलं तरी आहे. 'मानसिक छळ' म्हटल्यावर तात्यांना हसू आवरत नाही. "म्हणजे गाढवाला गाढव म्हणायचं नाही?" नाही म्हणायचं, तात्या.

मी एकदा त्यांना सांगितलं, की कोर्टाने चोराला फटक्यांची शिक्षा द्यावी असा इंग्रजांचा कायदा आपल्याकडे होता, आणि तो संसदेने 1955 सालीच रद्द केला. म्हणजे तुम्ही पाढ्यापायी सहा छड्या खाल्ल्यात तेव्हा इथलं कुठलंही कोर्ट दरोडेखोराला एक छडी मारा म्हणू शकत नव्हतं. शाळेतल्या पोराला तेवढं संरक्षण मिळायला आणखी पंचावन्न वर्षं गेली.

तात्या बराच वेळ विचारात पडले. मला वाटलं, घाव बसला.

"तरीच चोऱ्या वाढल्या," ते म्हणाले.

घराच्या चार भिंतींत मात्र आपल्याकडे अशी स्पष्ट बंदी अजून नाही. स्वीडनने ती 1979 साली आईबापांनाही घातली. आपल्याकडे ती नाही हे ऐकल्यावर तात्यांना हुरूप यायला हवा होता, कारण घरात पाचवीतला नातू आहे आणि तो काही संत नाही. पण त्यांनी त्याला आजवर चापटही मारलेली नाही. कारण विचारलं तर आपल्यालाच वेड्यात काढतात : "अरे, तो ऐकतो की माझं. समजावून सांगितलं की ऐकतो. मारायचं कशाला?"

मागच्या दिवाळीत त्यांच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. एकेकजण माईकपाशी येऊन छडीने आपण कसे घडलो ते सांगून गेला. त्याचे फोटो दाखवता दाखवता तात्यांनी चौथीचा जुना, पिवळा पडलेला फोटोही दाखवला. हा इंजिनिअर, हा मामलेदार झाला, हा मी, हा गेला बिचारा. मधल्या काही चेहऱ्यांवरून बोट नुसतंच पुढे सरकलं. एकावर मी थांबवलं.

"हा? हा पाचवीत सुटला. मार सोसेना त्याला. गुरं राखायला गेला."

"आणि हा?"

"तोही तसलाच. घाबरट होता."

"ते आले होते का मेळाव्याला?"

"त्यांचे नंबर कुणाकडे आहेत?"

मेळाव्यात छडीचे आभार मानणारे सगळे अकरावी मॅट्रिकपर्यंत टिकलेले होते. छडीबद्दल मत द्यायचंच असेल, तर तात्यांनी आधी ते नंबर शोधून काढावेत.