बाळ पाठीला बांधण्याची विद्या: नवसाधकांसाठी

पात्रता आधी बाळाची तपासावी, साधकाची नंतर. बाळाने मान पक्की धरलेली असावी आणि ते कुणाच्या आधाराशिवाय बसत असावे, म्हणजे साधारण सहा महिने उलटलेले असावेत. त्याआधी बाळ पुढेच बांधायचे: तोंड दिसेल असे, हनुवटी छातीला टेकणार नाही असे आणि मान वाकवली की टाळूचा पापा घेता येईल इतके वर. या एका कलमात विनोद शोधू नये. तान्ह्याची मान पुढे पडली की श्वासाची वाट दबते, आणि माणसाच्या पाठीला डोळे नसतात. साधकासाठी मात्र अटी सौम्य आहेत. कंबर शाबूत, केस आखूड आणि स्वाभिमान बेताचा असला की पुरे.

आपल्याकडे कोणतीही विद्या परंपरेशिवाय सुरू होत नाही, म्हणून साधक प्रथम पूर्वजांकडे वळतो आणि तिथेच फसतो. पहिला डोळ्यांपुढे येतो तो झाशीच्या राणीचा पुतळा. त्यावरून काहीही शिकू नये. एक तर राणीच्या एका हातात लगाम आहे, दुसऱ्यात तलवार. आणि या विद्येत गाठ पक्की होईपर्यंत एक हात बाळाच्या बुडाखालून हलवायचा नसतो. दुसरे म्हणजे, शिल्पकार पाठीवर सर्रास तान्हे मूल बसवतात. त्या मुलाला, म्हणजे दामोदररावांना, दत्तक घेतले १८५३ च्या नोव्हेंबरात, आणि राणीने झाशी सोडली १८५८ च्या एप्रिलात. दत्तक घेतानाच मुलगा चालता-बोलता होता; झाशी सोडताना तो आठ-नऊ वर्षांचा असणार. एवढ्या मुलाला पाठीला बांधून घोडा दौडवणे हा या मार्गदर्शिकेचा फार तर शेवटचा धडा होईल, पहिला नव्हे.

हिरकणीचाही उपयोग नाही. तिने बाळ घरी ठेवले, हेच तर त्या कथेचे मूळ. ती बाळ पाठीला बांधून दूध घालायला आली असती, तर गडाचे दरवाजे बंद झाल्यावर निवांत वरच मुक्काम करती, आणि रायगड एका बुरुजाला मुकता. राहता राहिला विठोबा. जनाबाईच्या अभंगातला विठोबा म्हणजे लेकुरवाळेपणाची परमावधी: निवृत्तिनाथ खांद्यावर, बंका कडेवर, गोरोबा मांडीवर, नामदेव करंगळी धरून. पाठ रिकामी! एवढी गर्दी असूनही देवाला पाठीवर कुणाला घ्यावेसे वाटले नाही, याचा साधकाने विचार करावा.

थोडक्यात, मराठी बाळ बहुतकरून कडेवर असते, नाहीतर झोळीत. ऊसतोडीला गेलेली बाई जुन्या लुगड्याची झोळी झाडाला किंवा गाडीला बांधते, पोर तिच्यात टाकते आणि कोयता हाती घेते. पाठ वापरणारे जग वेगळे आहे. केनिया-टांझानियातला कांगा, कोरियातली पोदेगी, मेक्सिकोतला रेबोसो; इन्युइट बायकांच्या कोटाला तर मागे बाळासाठी पिशवीच शिवलेली असते. यांपैकी कुणीही मार्गदर्शिका वाचलेली नाही. ती वाचावी लागते ती फ्लॅटमधल्या बाबाला.

तर साहित्य. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये पीस कोअरची परिचारिका म्हणून गेलेल्या अ‍ॅन मूर यांनी १९६० च्या दशकात तिथल्या बायका बाळे पाठीला बांधून सगळी कामे करताना पाहिल्या. अमेरिकेत परतल्यावर स्वतःच्या मुलीला तसेच बांधायला गेल्या, तर मुलगी घसरू लागली. मग आईकडून पट्टे लावलेली पिशवी शिवून घेतली. त्या ‘स्नग्ली’चे पेटंट १९६९ सालचे. टोगोच्या बायकांना पट्टे लागले नव्हते. पण गाठीला किंमत लावता येत नाही, पट्ट्याला आणि बकलला येते. आज तीच विद्या खोक्यातून, कापसाच्या गुणवत्तेच्या दाखल्यासह घरपोच येते. बकल नको असणाऱ्यांसाठी लांबच लांब विणलेले ‘रॅप’ही मिळतात आणि त्यांचे एक नेहमीचे माप आहे ४.६ मीटर. साधकाने आता पाच वारांचे मीटर करून पाहावेत. ४.५७ येतात. एवढे कळूनही साडी वापरायचा प्रस्ताव घरात मांडू नये. रेशमी साडी घसरते, सुती साडी ‘आईची आठवण’ असते, आणि जी राहते ती पोछ्यासाठी आधीच फाडलेली असते.

पहिला सराव तांदळाच्या पिशवीवर करावा. आठ किलो घ्यावा. आठ महिन्यांचे बाळ साधारण तेवढेच भरते. तांदूळ हा फार सद्गुणी असतो. तो पाठीवर चढताना धनुष्यासारखा मागे वाकत नाही, कानात बोट घालत नाही, चष्मा ओढत नाही. त्यामुळे या टप्प्यावर साधकाला आपण पारंगत झालो असे वाटते. ते वाटू द्यावे.

प्रत्यक्ष कृती पलंगाला पाठ करून करावी, म्हणजे पडलेच तर गादीवर. जवळ एक सहायक असावा. तो हसणारा नसावा. कमरेचा पट्टा आधी आवळून घ्यावा. बाळ कडेवर घ्यावे. (इथपर्यंत सगळ्या मराठी माणसांना येते.) मग कंबरेतून पुढे वाकत त्याला काखेखालून हळूहळू पाठीकडे सरकवावे. अर्धे बाळ पुढे, अर्धे मागे अशी एक अवस्था येते. याच क्षणी दाराची घंटा वाजते. दार उघडू नये. पाठ टेबलासारखी आडवी ठेवून एक हात बाळाखाली आणि दुसरा खांद्याचा पट्टा शोधत हवेत, अशा स्थितीत साधकाला पलंगाखालचे हरवलेले मोजे दिसतील. तेही उचलू नयेत. दोन्ही पट्टे खांद्यांवर आले की सरळ उभे राहावे, पट्टे खाली ओढावेत आणि छातीवरचे बकल ‘टक्’ असे वाजल्याशिवाय ते लागले असे समजू नये. सैल बांधणे हा नवशिक्यांचा ठरलेला दोष आहे. बाळाला त्रास होईल म्हणून ते ढील देतात आणि बाळ कमरेवर लोंबते. बाळ उंचावर, पाठीला चिकटून असावे.

आता आजींचा प्रवेश. “पोराचे पाय फेंगडे करणार तुम्ही!” हे पहिले वाक्य. साधकाने वाद न घालता बाळाची बैठक दाखवावी: गुडघे बुडापेक्षा किंचित वर, मांड्या फाकलेल्या, बेडकाच्या बसण्यासारखी. खुब्याच्या सांध्याला नेमकी हीच बैठक मानवते. उलट तान्ह्याचे पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून आवळणे खुब्याला जाचते. हे शेवटचे वाक्य आजींसमोर उच्चारू नये, कारण ते दुपटे त्यांनीच गुंडाळलेले असते.

बांधून झाल्यावर काय करावे? चालावे. रडणारे बाळ घेऊन पाच मिनिटे सलग चालावे आणि ते झोपले की लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे, असे जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली सुचवले. तिथे बाळ हातांवर होते. पाठीला बाळ असलेल्या माणसाला बसता येते, टेकता येत नाही. म्हणून स्टुलाच्या कडेवर ताठ बसावे आणि समोरच्या भिंतीकडे बघावे. अधूनमधून फोनचा पुढचा कॅमेरा खांद्यावरून धरून बाळाचे नाकतोंड मोकळे आहे ना ते पाहावे. त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. उत्तर आजी देतील.

दोन्ही हात मोकळे झाले म्हणून भलती कामे काढू नयेत. भांडी घासावीत, कपडे वाळत घालावेत, भाजी आणावी. शेगडीपाशी जाऊ नये. बाळाचा हात फोडणीपर्यंत पोहोचतो. वाकताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत बसावे, नाहीतर बाळ डोक्यावरून पुढे डोकावते. दारांच्या चौकटींतून आडवे जाताना आपली रुंदी आता मागच्या बाजूने वाढली आहे हे ध्यानात ठेवावे. आणि दुचाकीवर बसू नये. पुण्यात हे सांगणे व्यर्थ आहे, तरी सांगतो: बाळ बांधायचा कॅरिअर म्हणजे हेल्मेट नव्हे आणि गाडीतली लहान मुलांची सीटही नव्हे.

सोसायटीच्या गेटवर कुणीतरी विचारेलच, “अरे वा, बघू बघू, बाळ कसंय?” तेव्हा दाखवायला म्हणून मागे वळून पाहू नका. तुम्ही वळलात की बाळही वळते, आणि विचारणाऱ्याला पुन्हा तुमचेच तोंड दिसते. नुसती पाठ फिरवा आणि सोसायटीचा देखभाल खर्च भरला का, या पुढच्या प्रश्नाच्या आत चालू लागा.