बिनलाटेचे अण्णा

ज्येष्ठ सर्फर लाटेवर क्वचितच दिसतो. तो सापडतो किनाऱ्यावर, एखाद्या टपरीच्या सावलीत, ऐकणारा शोधत बसलेला. त्याचा एक गुडघा कामातून गेलेला असतो आणि तो कसा गेला हे आपण विचारायच्या आत त्याचं सांगून झालेलं असतं. आजची लाट त्याच्या मते लाटच नव्हे. कालची त्यातल्या त्यात बरी. खरी लाट म्हणाल तर ती तुमच्या जन्माआधी येऊन गेली, आणि तेव्हा पाण्यात तो एकटाच होता. साक्षीदार नसणं हे मोठ्या लाटेचं पहिलं लक्षण. त्याच्या शेजारी बहुधा आणखी एक म्हातारा असतो, फळ्या तासणारा, भुवयांवर भुसा बसलेला. हल्ली फळ्या यंत्रं कापतात, हात राहिला नाही, हे त्याचं पालुपद. अशी जोडी हवाईत आहे, कॅलिफोर्नियात आहे, सिडनीत आहे. तशीच ती तंजावरातही आहे.

तंजावरात बृहदीश्वराचं देऊळ आहे, भोसल्यांचा राजवाडा आहे, सरस्वती महालातल्या पोथ्या आहेत. समुद्र मात्र नाही. तो जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मल्लिपट्टिणम-अदिरामपट्टिणमच्या बाजूला आहे, आणि तोही पाल्कचा उपसागर. पूर्वेला श्रीलंका आडवी, उत्तरेला कोडियक्कराईचं टोक, दक्षिणेला रामसेतू. बंगालच्या उपसागरातून निघालेली लाट एवढे नाके ओलांडून आत येईपर्यंत तिच्यात काही उरत नाही. पाणी उथळ, तळाशी समुद्रगवत. माणूस चालत चालत बराच आत जातो आणि कमरेच्या वर भिजत नाही. २०२२ साली सरकारने इथे समुद्रगाईसाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं. समुद्रगाय गवत खाते, तिला शांत पाणी मानवतं. अण्णांचं म्हणणं, गाईची सोय झाली, माझी कोणी पाहिली?

अण्णा नात्याने माझ्या बायकोचे मामा, म्हणून मी त्यांचा पुण्याचा जावई आणि हक्काचा श्रोता. व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं घराणं; घरातली मराठी तेव्हापासून तमिळमध्ये मुरत पडलेली. नोकरी चेन्नईत, सरकारी हिशेबखात्यात. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी त्यांना समुद्रावर फिरायला जायला सांगितलं. अण्णा कोवळमला गेले. तिथे कोळ्यांची पोरं फळीवर उभी राहून लाटांवरून येत होती. पुढे त्याच गावच्या मूर्ती मेगवन या मच्छीमाराने सर्फिंगची शाळा काढली आणि गावाचं नाव झालं. अण्णांनी फिरणं सोडलं आणि फळी धरली. निवृत्त झाले तेव्हा वडिलोपार्जित घर सांभाळायला तंजावरला परत यावं लागलं. तोवर त्यांच्या अंगात जेमतेम तीन-चार लाटा जिरल्या होत्या, आणि त्यांचं सांगणं तेव्हापासून आजतागायत संपलेलं नाही.

सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या घराण्याची सगळी हकिगत मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत खोदवून घेतली. ज्या गावात आत्मचरित्राला भिंत पुरते त्या गावचे अण्णा आहेत, हे त्यांचं ऐकताना ध्यानात ठेवलेलं बरं. शिवाय त्यांना राजकीय दुखणंही आहे. १९९१ पर्यंत नागपट्टिणम आणि तरंगमबाडी तंजावर जिल्ह्यात होती, आणि तो किनारा उघड्या बंगालच्या उपसागरावरचा. मग जिल्ह्याची वाटणी झाली. "कावेरीचा गाळ आम्हाला ठेवला आणि लाटा सगळ्या तिकडे दिल्या," अण्णा म्हणतात. तिकडे जाऊन सर्फिंग करा की, म्हटलं, तर म्हणाले, "मापिळ्ळै, परजिल्ह्यात जाऊन कशाला लाचारी?"

लाटा जितक्या कमी तितके पाठ जास्त, हा ज्येष्ठ सर्फरचा नियम. हवाईतला म्हातारा एखाद-दुसरं वाक्य बोलून गप्प होतो, कारण समोर समुद्र उसळत असतो आणि त्याला तिकडे जायचं असतं. अण्णांना कुठेच जायचं नसतं. म्हणून त्यांचे पाठ क्रमांकाने चालतात. पाठ पहिला: समुद्राशी भांडू नये. पाठ दुसरा: लाट दिसायच्या आधी हात मारायला लागावं. पाठ पाचवा: पडायचंच असेल तर सपाट पडावं. हे पाठ पाण्यासाठी होते, पण पाण्याची वाट बघून कंटाळल्यामुळे ते घरात शिरले आहेत. भाचा सीएच्या परीक्षेत आपटला तेव्हा त्याला पाचवा पाठ मिळाला. दुसऱ्या पाठाच्या आधारावर अण्णा रेशनच्या रांगेत दुकान उघडायच्या आधीच सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहतात. मामींनी एकदा विचारलं, "गॅस संपलाय, ह्याचा पाठ कितवा?" अण्णा म्हणाले, "वाट बघणं. अकरावा."

प्रात्यक्षिक ओसरीवरच्या झोपाळ्यावर होतं. दक्षिणेकडच्या जुन्या घरांत असतो तसाच हा झोपाळा, सागवानी पाट, चार पितळी साखळ्या. अण्णा पाटावर पालथे झोपतात, हनुवटी वर, पोट दोन्ही बाजूंनी जरा बाहेर. दोन्ही हातांनी हवेत वल्ही मारतात. झोपाळा पुढे जायला लागला की "आली!" असं ओरडतात, तळहात पाटावर टेकतात आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभे राहतात. इथे खोटं बोलून चालणार नाही: ते खरंच उभे राहतात. सत्तरीच्या माणसाचं शरीर क्षणभर काय करतंय ते बघायला मिळतं. गुडघे वाकलेले, डावा खांदा पुढे, नजर पायाकडे न जाता लांब समोरच्या तुळशीवृंदावनावर. साखळ्या करकरतात. मामी आतून म्हणतात, "सेरी, खाली उतरा. डोसा निवतोय." अण्णा त्याच पवित्र्यात हात लांब करून कट्ट्यावरचा कॉफीचा डबरा उचलतात, आणि थेंब सांडत नाही.

बोलायला लागले की पुन्हा मूळपदावर. अण्णांना सर्फिंगचा इतिहास तोंडपाठ आहे आणि तो ते नातेवाइकांचा असल्यासारखा सांगतात. हवाईचा ड्यूक काहानामोकू, ऑलिंपिकचा जलतरणपटू, १९१४-१५ च्या दौऱ्यात सिडनीला गेला, तिथे त्याने शुगर पाइनची फळी स्वतः तासली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर उभं राहून दाखवलं. "बघ, फळी बरोबर नेली नाही. जिथे गेला तिथे करून घेतली." टॉम ब्लेकने १९३० च्या आसपास पोकळ फळी केली आणि १९३५ मध्ये टाकाऊ स्पीडबोटीची पट्टी फळीच्या बुडाला ठोकून पहिलं शेपूट बसवलं. जॅक ओनीलचा डोळा फळीला बांधलेल्या दोरीच्या झटक्याने गेला; हे सांगताना अण्णा स्वतःचा डोळा झाकतात. अमेरिकेतल्या बहुतेक फळीकारांना फोमचे ठोकळे पुरवणारा क्लार्कचा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी मालकाच्या एका फॅक्सने बंद पडला, आणि लाकूड विसरलेले फळीकार डोक्याला हात लावून बसले. आपल्याकडे फ्लोरिडाहून आलेल्या एका वैष्णव स्वामींनी कर्नाटकात मुल्कीला आश्रम काढून सर्फिंग शिकवलं, तेही अण्णांना मान्य आहे, पण जरा मत्सराने. "स्वामींच्या आश्रमासमोर लाट आहे. त्यात कसलं वैराग्य?"

त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत मात्र असा की सर्फिंगचा शोध कोरोमंडलच्या किनाऱ्यावरच लागला. ह्यातला अर्धा भाग निव्वळ अभिमान आहे, उरलेल्या अर्ध्यात तथ्य आहे. मद्रासला बंदर बांधलं जाण्याआधी जहाजं लांब उभी राहत आणि उतारू किनाऱ्यावर यायचे ते मसुला होड्यांतून. फळ्या काथ्याने शिवलेल्या, एकही खिळा नाही, म्हणजे लाट आपटली तर होडी मोडायच्या ऐवजी लवायची. शेजारून ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर कोळी फेसातून आरामात ये-जा करायचे, उतारू बुडाले तर त्यांना उचलून आणायचे. "त्यांनी कधी त्याला खेळ म्हटलं नाही," अण्णा म्हणतात. हे त्यांच्या तोंडून चुकून निघालेलं शहाणपण. त्याला त्यांनी क्रमांकही दिलेला नाही.

जोडीतला दुसरा म्हातारा म्हणजे वीणा करणारे आसारी. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. घट, दांडी आणि टोकाचं याळीचं तोंड सगळं एकाच ओंडक्यातून काढलं तर तिला एकांड म्हणतात आणि तिचा मान मोठा. तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अण्णांनी ड्यूकचं उदाहरण देऊन आसारींकडे फणसाची सर्फफळी मागितली. आसारींनी विचारलं, "तारा किती?" तारा नाहीत म्हटल्यावर त्यांचा अर्धा रस गेला, पण अण्णांचं घर ओळखीचं, म्हणून हो म्हणाले.

पहिली फळी भरीव झाली. ती उचलायला चार माणसं लागली आणि ओसरीवर ठेवल्यावर कोणाच्याने हलेना. अण्णांनी पुस्तकातली चित्रं दाखवली, वजनाचा पाठ सांगितला, टॉम ब्लेकची गोष्ट दोनदा सांगितली. आसारी ऐकत होते की नाही कळायला मार्ग नव्हता. ते बोटाच्या सांध्याने लाकूड वाजवत होते. मग एवढंच म्हणाले, "घट पोखरतो तशी पोखरतो." वीणेचा घट आतून इतका पातळ काढावा लागतो की जरा जास्त गेला तर फुटतो आणि जरा कमी राहिला तर बोलत नाही. तीच सवय त्यांनी फळीला लावली. दोन अर्धे पोखरले, कडा जुळवल्या, वर झाकण बसवलं. कॅलिफोर्नियातले फळीकार खोलीत कमरेएवढ्या उंचीवर आडवे दिवे लावतात, म्हणजे पृष्ठभागावरचा जराही उंचवटा सावली पाडून पकडता येतो. आसारींनी सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येतं त्या जागी फळी आडवी ठेवली, एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली आणि जिथे सावली पडली तिथे अंगठ्याने दाबून ठेवलं. अंगठा उचलायच्या आधी दुसऱ्या हातात पटाशी आली होती. पिवळाधमक भुसा त्यांच्या मांडीवर पडत राहिला. त्या सकाळी अण्णासुद्धा गप्प होते.

पाय घसरू नये म्हणून सर्फर फळीला मेण फासतात. आसारींकडे मेण होतंच: वीणेचे चोवीस पितळी पडदे ज्यात बसवतात ते काळं मेण. त्यांनी ते हौसेने फासलं. तंजावरच्या उन्हात ते वितळलं आणि अण्णांच्या दोन्ही तळव्यांवर चढलं ते महिनाभर उतरलं नाही. मामींनी फरशीवरचे ठसे मोजायचं सोडून दिलं. शेवटी आसारींनी फळी कानाशी धरून टकटक केली, मान हलवली आणि म्हणाले, नाद चांगला आहे, वर चार तारा चढवल्या असत्या तर षड्ज लागला असता.

उद्घाटन मनोऱ्याजवळ ठरलं. नेपोलियन हरला म्हणून सरफोजीराजांनी पाल्कच्या किनाऱ्यावर आठ मजली बुरूज बांधला, तोच तो मनोरा. जे युद्ध आपलं नव्हतं त्याच्या विजयाचा बुरूज जिथे आहे, तिथे नसलेल्या लाटेवर स्वार व्हायला जागा योग्यच होती. टेम्पोतून फळी आली. अण्णा पाण्यात शिरले, पालथे झोपले, हात मारले. फळी इतकी सुंदर तरंगली की बघत राहावं. अण्णा झटक्यात उभे राहिले आणि उभेच राहिले, कारण त्यांना पुढे न्यायला काही आलंच नाही. बऱ्याच वेळाने ते तसेच उतरले आणि फळी हाताला धरून चालत परत आले.

एक खेकडे पकडणारा मच्छीमार हे सगळं बघत होता. त्याने फळी मागून घेतली, टोपली डोक्यावर ठेवली, फळीवर सरळ उभा राहिला आणि बांबूने तळ ढोसत आपल्या जाळ्याकडे निघाला. अण्णा किनाऱ्यावरून ओरडत होते, "गुडघे वाकव! खांदा पुढे! खाली बघू नको!" मच्छीमाराने एका हाताने बिडी पेटवली. परत आला तेव्हा टोपलीत खेकडे होते आणि त्याने थेट विचारलं, असल्या दोन कितीला?

अण्णांनी पाठ पहिल्यापासून सुरुवात केली. आसारी मात्र वाकून फळीच्या सांध्यात बोट घालून बघत होते, पाणी शिरलं नाही याची खात्री झाल्यावरच उठले. टोपल्या किती न्यायच्या, नांगराची दोरी डावीकडे बांधणार की उजवीकडे, एवढंच त्यांनी विचारलं आणि पाचशे रुपये आगाऊ मागितले. तोवर अण्णांना नवी कल्पना सुचली होती: दोन्ही फळ्यांवर लाल अक्षरांत 'तंजावर सर्फ' रंगवायचं. मच्छीमाराने नोटा मोजता मोजता मान वर केली आणि म्हणाला, रंगवा, पण रंगाचे पैसे मी देणार नाही.